धुमाळबागेचा सातवा भाग

मळा, गिरणारे रस्ता, नाशिक
२२ ऑक्टोबर १९९९

बानो,

काल टीव्हीवर 'धुमाळबाग' बघितलीस का? नाही म्हणू नकोस. मालेगावची लाइट गेली असली तरी तू कुणाच्या तरी बॅटरीवर बघितलीच असशील. मला आधी एवढंच सांग, त्या रत्नाला कुणी निवडलं? कादंबरीचे सहाच्या सहा भाग आपले तोंडपाठ आहेत. रत्ना सावळी, उंच, रागावली की तिची नाकपुडी थरथरते. आणि ही बया! मैद्याच्या पोळीसारखी गोरीपान, रागावली तरी टूथपेस्टची जाहिरात करतेय असं वाटतं. नवी सून रत्ना बंगल्यात येते आणि तिला तळघरात कोंडलेली थोरली सून चंद्रा सापडते, तो प्रसंग तर पार मातीत घातला. पुस्तकात चंद्रा काहीच बोलत नाही, नुसती रत्नाच्या हाताचा वास घेते. आठवतंय ना? मेनरोडच्या वाचनालयातून तो भाग आणला होता आणि तू भद्रकालीत तुमच्या माळ्यावर मोठ्यानं वाचत होतीस. तूच रडायला लागलीस शेवटी. इथे दार उघडल्याबरोबर चंद्रानं भाषण ठोकलं!

सासू बाईसाहेब मात्र जमल्यात. चाव्यांचा जुडगा कमरेला खोचायची ती लकब, तो थंड आवाज. आमच्याकडे अख्खं घर टीव्हीसमोर होतं. अक्काबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, पदरानं डोळे पुसत होत्या. "काय मेली सासू हाय! पोरीला अंधारात कोंडून घालती. हिला नरकात बी जागा नाय मिळायची."

त्याच अक्काबाईंनी सकाळी तापलेलं उलथनं माझ्या मनगटावर टेकवलं होतं. भाकरी करपली म्हणून. टेकवलं आणि दाबून धरलं. मी किंचाळले तेव्हा धनराजनं ओसरीतूनच विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "काय नाय रे, उंदीर दिसला तिला." तो हसला, आणि बागेत गेला.

लग्न झाल्यापासून मी तुला काय लिहीत आले? द्राक्षाचे घड किती मोठे, मळ्यात हवा किती गार, नवीन मिक्सर. ते सगळं खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. घरात फोन आहे, त्याला लाकडी पेटी करून कुलूप घातलंय. पत्रं शकुबाईच्या हातून टपालपेटीत पडतात. ती आमच्याकडे भांडी घासते, बाई देवमाणूस आहे.

बानो, हे चंद्रा लिहीत नाहीये. सविता लिहितेय. तुझ्या घरधन्याला, इसाकभाईंना विचार, मला थोडे दिवस तुमच्याकडे राहता येईल का. लवकर विचार.

तुझी सवी


मळा
१ नोव्हेंबर १९९९

बानो,

तुझं पत्र वाचलं आणि न्हाणीत जाऊन मी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. खरोखर आपटलं. टेंगूळ आलंय.

काय लिहिलंयस तू! "उलथन्याचा प्रसंग झकास! खुद्द बाईसाहेबांना हे सुचलं नसतं. आणि म्हणे उंदीर दिसला! सवे, तू धुमाळबागेचा सातवा भाग लिहायला घेतलायस, कळलं मला. चल, मी रत्ना. चंद्रे, धीर धर, मी भिंत पोखरतेय."

अगं गाढवे!

खेळ आपणच काढला, मान्य. दहावीच्या सुट्टीत काढला. मी चंद्रा, तू रत्ना. तळघरातून पत्रं लिहायची आणि समोरचीला खरं वाटायला लावायचं. जिला खरं वाटलं ती हरली. "खेळ नाही, शपथ!" हे तर दोघींचं ठेवणीतलं हत्यार. तुझ्या लग्नानंतर तूच लिहिलंस ना, शपथ घेऊन, की यंत्रमागात ओढणी अडकली आणि तुझा हात गेला म्हणून? मी एसटीत मालेगावपर्यंत रडत आले. शेजारच्या बाईनं मला लिंबाची गोळी दिली. आणि तू स्टँडवर उभी, दोन्ही हातांनी भजी खात. "हरलीस!" म्हणून नाचलीस. मी तुला तिथल्या तिथे सांगितलं होतं, याचा सूड घेईन. आता तू सुडाची वाट बघत बसलीयस, आणि माझ्याकडे शपथ घ्यायला नवा शब्दच नाही. कोणत्या शब्दात सांगू म्हणजे तुला पटेल? सगळे वापरून झालेत आपले.

धनराज तुलाही आवडला होता, हे विसरू नकोस. पुस्तकाच्या कव्हरवर रत्नाच्या नवऱ्याचा, विक्रांतचा जबडा आहे ना, अगदी तस्सा, असं दोघींनी मिळून ठरवलं. बघायला आला तेव्हा तो एक शब्द बोलला नाही. आपण म्हटलं, वा, याच्या काळजात काहीतरी जळतंय! काही जळत नव्हतं गं. आत बोलण्यासारखं काही नव्हतंच.

गेल्या मंगळवारी छाटणीच्या माणसांचं जेवण होतं. एकाला मी पाणी वाढलं आणि तो काहीतरी बोलला, मी हसले. एवढंच. सगळे बागेत परत गेल्यावर धनराज आत आला, हातात छाटणीची कात्री. वेणी धरून मला ओट्यापर्यंत ओढत नेलं आणि मानेपाशी कात्री लावली. ती द्राक्षाची काडी कापायची कात्री. केस कापत नाही, चावते. अर्धी वेणी गेली, आणि तिच्याबरोबर डाव्या कानाची पाळी. खालचा तुकडाच गेला. रक्त ब्लाउजमधून कमरेपर्यंत ओघळलं. मी त्याच्या मनगटाला चावले. दात हाडाला लागला तरी सोडलं नाही, त्याच्या रक्ताची चव अजून तोंडात आहे. मग त्यानं माझं तोंड ओट्यावर आपटलं तेव्हा सुटलं. माझा पुढचा दात हलतोय.

आणि गुरुवारी, पदर डोक्यावरून घेऊन मला सिरियल बघायला बसवलं. विक्रांतनं रत्नाच्या थोबाडीत दिली आणि मग खिडकीत उभा राहून रडला. ते पान आपल्याला केवढं आवडायचं! तू तर त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली होतीस, वाचनालयाच्या पुस्तकात. मी उठले आणि मोरीत जाऊन ओकले.

ये. एकदा ये आणि डोळ्यांनी बघ. कान दाखवते तुला.

सविता


मळा
२० जानेवारी २०००

बानो,

तू येणार नाहीस. बरं. "मी एसटीनं धापा टाकत यायचं आणि तू फाटकात टाळ्या पिटत उभी, होय ना? मी एवढी बावळट नाही! पण कानाची कल्पना भारी. पैकीच्या पैकी मार्क." वाचलं. मार्कांबद्दल आभारी आहे.

आता ऐक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला गिरणाऱ्यात सोडलं होतं. मी वाण घेतलं, चप्पल घातली आणि सरळ नाशिकच्या जीपमध्ये बसले. किशोरदादाकडे गेले, सिडकोत. आई असती तर गोष्ट वेगळी होती, पण माहेर म्हणजे आता दादाच. वहिनीनं कान बघितला आणि तिच्या हातातला तिळगूळ खाली पडला. तिनं मला जवळ घेतलं, गरम वरणभात वाढला. दादा समोर बसून ऐकत होता. मान हलवत होता. मला वाटलं, झालं, सुटले.

तो म्हणाला, "सवे, थोडं सांभाळून घे. माझ्याही पोरी उजवायच्यात मला." आणि गॅलरीत जाऊन त्यानं फोन लावला.

धनराज जीप घेऊन आला. चहा प्याला. वहिनीला म्हणाला, "चहा फक्कड झालाय." दादाच्या धाकटीला चॉकलेट दिलं. मी आतल्या खोलीत कपाटाला घट्ट धरून उभी होते, दादानं एकेक बोट सोडवलं. रडत होता सोडवताना. त्याच्या त्या रडण्याला मी काय करू?

गंगापूर रोड संपेपर्यंत धनराजनं जीप सरळ चालवली. नर्सरीच्या पुढे आलो आणि त्यानं डाव्या हातानं माझी मान धरून माझं तोंड समोरच्या काचेखालच्या दांडीवर आपटलं. जीप चालवत चालवत. तो हलता दात तिथे पडला. तेव्हा मी काय केलं माहितीये? दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि माझ्याकडे ओढलं. जीप रस्ता सोडून कुणाच्या तरी बागेच्या खांबांत घुसली. तारा तुटल्या, काच फुटली, त्याचं कपाळ भुवईपासून केसांपर्यंत उघडलं. त्या क्षणी मला इतका आनंद झाला, बानो, की मी मोठ्यानं हसले. मला वाटलं मेला. मेला नाही.

फवारणीची पितळी नळी असते, जीपमध्ये मागे पडलेली होती. तिनं त्यानं मला मारलं. चिखलात बसवून, वर उभा राहून, कपाळातलं रक्त बाहीला पुसत पुसत. दोन माणसं मोटारसायकलवरून आली, थांबली. धनराज म्हणाला, "घरची भानगड आहे." ती गेली. आता माझा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. अक्काबाईंनी हळद-तेल लावलं, आणि लावता लावता म्हणाल्या, "पळून कुठं जाशील गं भवाने? तुझ्या भावानंच आणून दिली तुला."

ते खरं आहे. म्हणून तू. तुझ्याशिवाय मला कुणी उरलेलं नाही. मला जिवंत बाहेर काढ. एवढं एकच मागणं आहे.

सविता


धुरीची खोली
२७ मार्च २०००

बानो,

पेन्सिल शकुबाईची आहे, कागद बेदाण्याच्या खोक्यातला. अक्षर नीट लागत नसेल तर उजेडात धर. माझ्याकडे उजेड दाराखालच्या फटीतून येतो तेवढाच.

तुझं पत्र आलं. मला नाही, धनराजला. पोस्टमन आला तेव्हा तो फाटकात उभा होता. एरवी दुपारी मीच असते. तुझं अक्षर सुरेख, त्याला काही अडचण आली नाही. त्यानं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं, अगदी सावकाश.

"चंद्रे, आता फार झालं! त्याच्या खिरीत धोतऱ्याचं बी घाल. आधी म्हातारीला वाढ, मग त्याला. दोघं तडफडायला लागली की रत्ना येऊन दार उघडेल, आणि आपण मळा पेटवून देऊन निघून जाऊ."

आणि खाली लाल शाईनं कवटी काढलीस. बाई गं!

मी त्याचे पाय धरले. म्हटलं, पुस्तकातलं आहे, आमचा खेळ आहे तो, शाळेपासूनचा. शपथ घेतली, आईची. सगळा हिवाळा मी तुला शपथ घेऊन सांगतेय की हे खरं आहे, तर तुला खेळ वाटतो. आणि त्याला शपथ घेऊन सांगतेय की हा खेळ आहे, तर त्याला खरं वाटतं. आता हसू की रडू, तूच सांग. अक्काबाई तर घरातलं सगळं दूध मोरीत ओतून आल्या. "मुसलमानाच्या पोरीला हाताशी धरून आमाला मारायला निघाली व्हय गं?"

तुला धुरीची खोली माहीत नाही. बेदाणा पिवळाजर्द राहावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात, त्यासाठी शेताच्या टोकाला बांधलीय. विटांची, बिनखिडकीची. आत जाळीचे ट्रे रचायचे, खाली घमेल्यात गंधक पेटवायचा आणि दार लावायचं. धनराजनं मला कमरेत लाथ घालून आत ढकललं. घमेल्यात चमचाभर गंधक टाकला, काडी लावली. म्हणाला, "विष काय असतं ते बघ." आणि बाहेरून कडी घातली.

निळी ज्योत असते त्याची. दिसायला सुंदर. मग श्वास घेतला की घशातून कुणी तापलेली सळई घालतंय असं होतं. डोळे फुटतील असं वाटलं. मी ओरडले, तर ओरडायला श्वास घ्यावा लागतो, आणि घेतला की पुन्हा तेच. शेवटी आडवी पडून दाराखालच्या फटीला तोंड लावलं आणि धूळ खात खात हवा ओढली. नाकातून रक्त आलं. पदरात मुतले मी, बानो, आणि तो ओला पदर नाकावर धरला. जगले त्यानं.

आता धुण्याला आणि झाडलोटीला बाहेर काढतात, पुन्हा आणून कोंडतात. आणि गुरुवारी सिरियलला! धनराज म्हणाला, लोकांत बोभाटा नको, शेजारच्या बायका येतात बघायला. गेल्या खेपेला चंद्राच्या डोळ्यांवर पट्टी होती तर एक बाई मला म्हणते, "तुमचे डोळे का वो लाल? किती रडता सिरियल बघून!"

शकुबाई फटीतून कुजबुजतेय, "वहिनी, लवकर लिवा, मालक येतोय. मी टाकते पेटीत, काय बी झालं तरी टाकते." तिनं आत गुळाचा खडा सारला.

पुढच्या वेळी तो चमचाभर टाकणार नाही.

स


मळा, गिरणारे रस्ता, नाशिक
१० एप्रिल २०००

सौ. हुस्नबानो हिस,
सप्रेम नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, आम्ही सर्व येथे सुखरूप आहोत. तुम्हीही सर्व सुखरूप असाल. यंदा द्राक्षाचे पीक चांगले आले. बेदाणाही चांगला झाला आहे. माझी प्रकृती चांगली आहे. सासूबाई मला मुलीप्रमाणे वागवतात. हे फार समजूतदार आहेत व मला काही कमी पडू देत नाहीत. मागील पत्रांतून मी काही गोष्टी गमतीने लिहिल्या होत्या, त्या मनावर घेऊ नयेत. घरकामामुळे वेळ मिळत नाही, तरी यापुढे पत्र पाठवू नये. इकडे उन्हाळा फार आहे.

घरातील सर्वांस नमस्कार सांगावा.

आपली,
सौ. सविता धनराज


नाशिक, दवाखाना
६ मे २०००

बानो,

डॉक्टरांनी तुझा जबडा तारेनं बांधलाय असं इसाकभाईंकडून कळलं. म्हणजे जन्मात पहिल्यांदा मी बोलणार आणि तू मधे तोंड घालणार नाहीस. मग सगळंच बोलून घेते.

इसाकभाई काल येऊन गेले. डबा आणला होता, पण घशातून अजून नीट काही उतरत नाही, पातळ पेज चालते. मी विचारलं, ही आली कशी? चार पत्रं लिहिली तेव्हा आली नाही, आणि त्या पाचव्याला आली? ते आधी सांगायलाच तयार नव्हते. मग म्हणाले, तू माझं ते धुरीच्या खोलीतलं पत्र गल्लीतल्या बायकांना जमवून वाचून दाखवलंस. बायका हमसून हमसून रडल्या, आणि तू मान ताठ करून म्हणालीस, "मेरी सहेली रायटर है!" ऐकून मला असा संताप आला की सलाईनची सुई निसटली. नर्स मला ओरडली. मी तिला म्हटलं, बाई, तुम्हाला काय माहीत.

आणि मग पाचवं आलं. ते मी अक्काबाईंच्या पुढ्यात बसून लिहिलं होतं. धनराज मागे उभा राहून सांगत होता, आणि माझा दुखरा हात त्यानं पाठीमागे पिरगाळून धरला होता. एकही शब्द माझा नाही. एक कागद त्यानं फाडला, कारण त्यावर डोळ्यातलं पाणी पडलं होतं. इसाकभाई म्हणाले, "मी वाचलं, मला तर बरं वाटलं. म्हटलं, चला, सब ठीक आहे तिथे. पर ये तवे पे रोटी छोड के उठ गयी. बोली, 'उन्हाळा फार आहे? सवी असं लिहील? जी सवी उलथन्यावर अर्धं पान लिहिते, ती उन्हाळा फार आहे लिहून थांबेल? ही जिवंत आहे का बघा आधी. टेम्पो निकालो.'"

तू बाहेर होतीस, मी आत. तुला जे दिसलं नाही ते सांगते.

टेम्पो थांबल्याचा आवाज आला. मग इसाकभाईंचा आवाज, मालेगावहून बेदाणा बघायला आलोय म्हणून. धनराज गोड बोलायला लागला, गिऱ्हाईक म्हटल्यावर तो गोडच बोलतो. बुरख्यातल्या बाईकडे त्यानं बघितलंही नसेल. इसाकभाई म्हणाले, "धुरीची खोली दाखवा, मालाला धुरी कशी देता बघू." तो म्हणाला, "ती बंद आहे." तेवढ्यात तू माझं नाव घेऊन हाक मारलीस. आपलं खेळातलं नाही, माझं. "सवे!" मला वाटलं, गंधक डोक्यात गेलाय माझ्या. तरी मी टाचा दारावर आपटल्या. दोन्ही टाचा, कातडी जाईपर्यंत.

तू धावत आलीस, कडी काढलीस. दार उघडलं आणि ऊन एकदम डोळ्यांत घुसलं, मला तुझं तोंडसुद्धा दिसलं नाही. तुझ्यामागे तो दिसला. खांब रोवायची पहार त्याच्या हातात होती. मी ओरडले, पण माझा आवाजच फुटत नव्हता तेव्हा. त्यानं पहार आडवी फिरवली. तुझ्या जबड्याचा जो आवाज झाला ना, बानो, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू उंबऱ्यातच कोसळलीस आणि तुझं रक्त माझ्या पायांवर आलं, गरम.

पुढचं तुला कुणी सांगितलं नसेल. इसाकभाईंनी त्याला मागून विळखा घातला, तर त्यानं कोपर मारून त्यांची बरगडी मोडली आणि पहार पुन्हा वर उचलली. तुझ्यावरच. तू पडलेली असताना. खोलीत दाराशी वजनकाटा आहे, त्याच्यावरचं लोखंडी वजन मी उचललं. ज्या हातानं वेणी घालता येत नाही त्या हातानं उचललं. आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं. गुडघा आत गेला. तो बसला. मी पुन्हा घातलं, पहार धरलेल्या हातावर. बोटं चिरडली. मग पुन्हा. तो "सविता, सविता" म्हणत होता. लग्न झाल्यापासून त्यानं माझं नाव घेतल्याचं मला आठवत नाही. मी डोक्यावर घालणारच होते. इसाकभाईंनी बरगडी धरत माझ्या पायांना मिठी घातली. "बस, बहन, बस. तुला आत जावं लागेल, याच्यासाठी नको जाऊ." म्हणून तो जिवंत आहे. अक्काबाई ओसरीत उभ्या राहून छाती पिटत होत्या. शकुबाई त्यांच्यासमोरून पाण्याची कळशी घेऊन धावत आली आणि तुझं तोंड धुवायला लागली. तिला त्यांनी कामावरून काढलंय, सांगायचं राहिलं.

आता खरं काम. नीट वाच.

माझा जबाब घ्यायला एक जमादार आले होते. मी सगळं सांगितलं. उलथनं, कात्री, जीप, गंधक. माझं कसं असतं तुला माहीत आहे, मी सांगायला लागले की रंगते. ते लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, "ताई, आमची मंडळी दर गुरुवारी बघते ती सिरियल. कोंडलेली सून, कापलेले केस. हे तिथलं सांगताय की घरातलं?" मी कान दाखवला. ते म्हणाले, जीप खांबात गेली होती म्हणे, तेव्हाचं असेल.

धनराजनं सांगितलंय की बायकोला कादंबऱ्यांचं वेड आहे. तुझं खिरीचं पत्र त्यानं पोलिसांत दिलंय, कवटीसकट. म्हणतो, दोघींनी मिळून विष घालायचा बेत केला, तो फसला म्हणून मालेगावहून माणसं घेऊन मारायला आल्या. आणि माझ्या बाजूनं काय आहे? माझी चार पत्रं तुझ्याजवळ आहेत. ती कुणी वाचली तर म्हणेल, बाई छान लिहिते. आणि पाचव्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय की हे फार समजूतदार आहेत. किशोरदादा दोनदा येऊन गेला. तडजोडीचं बोलतो. धनराज केस मागे घेईल, मी मळ्यावर परत जायचं, झालं गेलं विसरायचं. वहिनी खाली मान घालून बसली होती, पण उठताना माझ्या कानात म्हणाली, "जाऊ नका हं." तेवढं तरी म्हणाली.

शकुबाई बोलली तर म्हणतील कामावरून काढल्याचा राग आहे, आणि इसाकभाई लांब होते; ती कडी बाहेरून होती हे डोळ्यांनी बघणारी एकटी तू उरतेस. तीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे, जमादार स्वतःच म्हणाले. सोमवारी ते तुझ्याकडे मालेगावला येणार आहेत. तुला बोलता येणार नाही, म्हणून लिहून दे म्हणतील.

बानो, तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. मी मरत होते आणि तू मला मार्क देत होतीस. तुझा जबडा मोडला म्हणून तो राग फिटला असं समजू नकोस, तो वेगळा आणि हा वेगळा. बरी झालीस की मी तुझ्याशी कडाकडा भांडणार आहे. आणि भांडून झालं की तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपणार आहे, तेही आत्ताच सांगून ठेवते.

पण सोमवारी लिहिताना रत्ना होऊ नकोस. तुझ्या हातात पेन आलं की काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. रक्ताच्या धारा नकोत. थरथरणारी नाकपुडी नको. माझे डोळे निखाऱ्यासारखे लाल होते असं लिहिशील, तर ते पेन खाली ठेवतील. असं लिही: मी हुस्नबानो, राहणार मालेगाव. मी मळ्यावर गेले. खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. मी कडी काढली. आत सविता होती. धनराजनं मला पहारीनं मारलं. खाली सही.

त्याच्यापुढे एक शब्द नको. वाचता वाचता त्यांना जांभई आली पाहिजे. मला त्या घरात परत जायचं नाहीये, बानो. रटाळ लिही.

सविता